खाऱ्या विहिरीचा पाणाड्या

उखर्डू आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांनी बाहेर आला. एवढ्या एका कर्तबगारीवर त्याचं पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं. पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी दिसतं, असं निंबोल्यात आणि आसपासच्या गावांत सगळेच मानत. त्यामुळे मिसरूड फुटायच्या आतच तो पाणाड्या झाला. कुणाला विहीर खणायची असली की त्याला बोलावणं येई. तो अंघोळ करून, उंबराची बेचकी दोन्ही मुठींत धरून, डोळे अर्धे मिटून शेतातून चालू लागे. मागून मालक, मालकाचे भाऊबंद आणि ज्यांचा काडीचा संबंध नाही असे दहा-बारा जण. मध्येच बेचकी खाली वाके. उखर्डू थांबे, टाचेने माती उकरे आणि म्हणे, "इथं. सत्तावीस हातांवर. झरा उगवतीकडून येऊन राह्यला."

आणि सत्तावीस हातांवर पाणी लागे.

न लागून सांगतं कुणाला? तापीच्या खोऱ्यातली ती गाळाची जमीन. त्या काळी तिथं डोळे बांधून कुदळ फेकली असती आणि पडली तिथं खणलं असतं, तरी पंचवीस-तीस हातांवर पाणी हजर होतं. ही गोष्ट उखर्डूला पक्की ठाऊक होती. गावालाही ती कळायला हरकत नव्हती. पण ज्याला पुरणपोळीचं जेवण, नारळ आणि नवं पागोटं दिलं, त्याच्या अंगात काहीच नाही असं मागाहून कबूल करायला कुणाचा जीव होत नसे. अपवाद एकच, त्याची बायको सरुबाई.

"विहिरीला पाणी लागलं त्यात तुमचं काय?" ती भाकरी थापता थापता म्हणे. "पाणी नाई लागणार तर काय ताक लागणार?"

उखर्डू पागोटं खुंटीला अडकवी आणि ऐकू न आल्यासारखं करी.

संस्थानं विलीन होण्याचे ते दिवस. निंबोल्याजवळच्या बुऱ्हाणपुरात कुणी राजा उरला नव्हता, त्यामुळे विलीन व्हायलाही काही नव्हतं. कचेरीतली तसबीर बदलली, इतकंच. काठेवाडात मात्र दर दहा कोसांवर एक राजा होता. त्यांतल्या समुद्रकाठच्या एका चिमुकल्या संस्थानात मावजीशेठ नावाच्या गृहस्थाची मोठी वाडी होती. नारळ, चिकू आणि सगळ्यात लाडका म्हणजे नागवेलीचा पानमळा. या मावजीशेठचा धाकटा भाऊ वेलजीशेठ बुऱ्हाणपुरात कापसाचा व्यापार करी. निंबोल्याच्या कापसाला तो नेहमी येई, म्हणून उखर्डूची कीर्ती त्याच्या कानावर होती.

त्या संस्थानात एक जुना हुकूम होता. समुद्रापासून कोसभराच्या आत कुणी खोल विहीर खणायची नाही, आणि विहिरीवर इंजिन तर अजिबात बसवायचं नाही. शेवटचे राजेसाहेब शिकारी कुत्र्यांपलीकडे कशात लक्ष घालत नसत. हा हुकूम आजोबांनी काढलेला, आणि तो मोडायला दरबार भरवावा लागला असता, म्हणून तो तसाच राहिला होता. संस्थान विलीन झालं तसा हुकूमही विलीन झाला. नव्या कचेरीत विहिरींचं खातं कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची मावजीशेठला घाई नव्हती. त्याने भावाला पत्र धाडलं : एखादा भारी पाणाड्या पाठव.

पन्नास सालच्या दिवाळीनंतर उखर्डू वेलजीशेठबरोबर निघाला. भुसावळ, सुरत, अहमदाबाद आणि पुढे काठेवाडची लहान गाडी. बेचकी त्याने धोतराच्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतली होती.

समुद्र त्याने पहिल्यांदाच पाहिला. मग पुढे जाऊन त्याने ओंजळ भरली, चाखली आणि थुंकला. "एवढं पाणी," तो वेलजीशेठला म्हणाला, "अन् एका घोटाचं नाई!"

वाडीवर राणाभाई नावाचा म्हातारा माळी होता. त्याची गुजराती आणि उखर्डूची खानदेशी, दोघांना एकमेकांचं निम्मं कळे. उरलेलं हातवाऱ्यांनी भागे. जुन्या विहिरी पाहून उखर्डूला हसूच आलं. पंधरा हातांची विहीर, वर एका बैलाचा चामड्याचा कोस, म्हणजे मोट, आणि तोही सकाळी चार घटका चालवून दुपारी बंद.

"एवढ्याशा विहिरी?" उखर्डूने विचारलं. "आमच्याकडे ढोरांना पाणी पाजायला याहून मोठी असते."

राणाभाईने बसल्या जागी वाळूत दोन रेघा ओढल्या. वरच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाला, "हे गोडं. पावसाचं मुरलेलं." खालच्या रेघेवर बोट ठेवलं. "हे समुद्राचं. गोडं हलकं, म्हणून ते खाऱ्यावर तरंगतं, दुधावर साय धरते तसं. हळूहळू काढलंत तर पाऊस पुन्हा भरून देतो. जोरात ओढलंत तर खालचं वर चढतं."

उखर्डूला हे कळलं. अगदी स्वच्छ कळलं. पण मागे मावजीशेठ उभा होता, त्याचे सोयरे उभे होते, शेजारच्या वाडीवाले आले होते, आणि सगळ्यांचे डोळे त्या बेचकीवर होते. इतक्या लांबून आणलेल्या पाणाड्याने "पंधरा हातांच्या खाली जाऊ नका" म्हणायचं? ते तर इथला माळीही सांगत होता. उखर्डूने डोळे अर्धे मिटले. पानमळ्याच्या कडेला बेचकी अशी वाकली की दोन जणांनी हात जोडले.

"इथं," तो म्हणाला. "अन् पंधरा हातांवर थांबायचं काम नाई. खाली पस्तीस हातांपर्यंत जा. खाली नदी चालू आहे."

राणाभाईने वाळूतल्या रेघा पायाने पुसल्या आणि तो कोस हाकायला निघून गेला.

पस्तीस हात खणलं. आठव्या हातावर गोडं पाणी लागलं आणि ते वाढतच गेलं. इंजिन आणलं, त्याला झेंडूच्या माळा घातल्या. पाइपातून मांडीएवढी धार पडली तेव्हा मावजीशेठच्या डोळ्यांत पाणी आलं. उखर्डूला जरीचं पागोटं, शाल आणि चांदीची बेचकी मिळाली. आणखी तीन वाडीवाल्यांनी त्याला हात धरून नेलं. तिथंही बेचकी वाकली. वाकणारच होती.

निंबोल्याला परत आला तो माणूस वेगळाच होता. आधी तो जमिनीतून पाणी काढी, आता समुद्रातून काढू लागला. चावडीवर बसून तो सांगे, "लाटा इथं, अन् गोडी विहीर तिथं, गोफणीच्या टप्प्यावर." दर महिन्याला तो टप्पा कमी होत गेला. वर्षभरात विहीर जवळजवळ लाटांमध्येच आली. गावातला बडा केळीवाला शालिग्राम याने त्याला शेतात नेऊन नवी विहीर दाखवायला लावली, तीवर गावातलं पहिलं इंजिन बसवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला की समुद्रावरच्या पाणाड्याची विहीर आहे म्हणून.

सरुबाईने चांदीची बेचकी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "याने भाकरी भाजायचा चिमटा चांगला झाला असता," म्हणाली आणि ठेवून दिली.

तिसऱ्या वर्षी, त्रेपन्नच्या उन्हाळ्यात, वेलजीशेठ घोड्याच्या टांग्याने निंबोल्याला आला. काखेत एक बाटली होती. राम राम नाही, बसणं नाही. त्याने बाटली उखर्डूसमोर धरली.

"प्या."

उखर्डूने घोट घेतला आणि थुंकला. तीच चव.

"हे तुमच्या विहिरीचं," वेलजीशेठ म्हणाला. "भाऊ म्हणतो, ज्याने काढलं त्यानेच गोडं करून द्यावं. चला."

उखर्डू गेला. न जाऊन करतो काय? वाडीवर पोचला तेव्हा त्याला वाटलं आपण दुसरीकडेच आलो. पाटांच्या कडेला पांढरी खपली धरली होती, चुन्याने रेघ मारावी तशी. नागवेलीची पानं कडेने करपून आत वळली होती. चिकूला फळ सुपारीएवढं. त्याच्यासाठी चहा ठेवला तर दूध घालताच तो फाटला. डाळ शिजत नाही म्हणून घरच्या बायका दोन कोसांवरून डोक्यावर पाणी आणत होत्या. त्यांतली एक त्याच्याकडे बघून थांबली आणि दुसरीला काहीतरी म्हणाली. गुजरातीत म्हणाली, तरी उखर्डूला पूर्ण कळलं.

आणि इंजिन? ते चालूच होतं.

"बंद का नाई करत?" त्याने मावजीशेठला विचारलं.

"मी बंद केलं तर शेजाऱ्याचं चालूच आहे," मावजीशेठ म्हणाला. "उरलंसुरलं गोडं पाणी त्याने ओढायचं अन् मी बघत बसायचं?"

शेजाऱ्याला विचारलं, तर त्याने मावजीशेठचं नाव सांगितलं. किनाऱ्याने चौदा इंजिनं झाली होती. चौदाही मालक एकमेकांना दोष देत आपापल्या विहिरीतून समुद्र उपसत होते. मागच्याच महिन्यात त्यांनी सगळ्यांनी मिळून वरुणदेवाचा यज्ञ केला होता. यज्ञाच्या दिवशीसुद्धा इंजिनं चालू होती, कारण ब्राह्मणांच्या अंघोळीला पाणी हवं होतं.

राणाभाईने त्याला समुद्राच्या बाजूला नेलं. वाळूत हाताने दोन वीत खड्डा केला. हळूहळू त्यात पाणी झिरपलं. "चाखा."

गोडं होतं. खारट वास होता, पण गोडं.

"आणि तिकडे, पस्तीस हातांवर, नुसतं मीठ," राणाभाई म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच उखर्डूला जास्त लागलं.

"परत गोडं व्हायला किती दिवस?"

"इंजिनं आज थांबली तर? माझी नातवंडं म्हातारी होतील तोवर होईल. पण थांबवतो कोण?"

दुसऱ्या दिवशी मावजीशेठने सगळ्यांना जमवलं. त्याला नवी जागा हवी होती, किनाऱ्यापासून आत, मैलभरावर. शालही आणून ठेवली होती. "झालं ते झालं," तो म्हणाला. "आता असं ठिकाण दाखव की खारं पोचणारच नाही."

उखर्डू बेचकी घेऊन उभा राहिला. डोळे मिटले नाहीत. चार पावलं चालला आणि थांबला.

"शेठ, एक खरं सांगू? ही बेचकी कधी वाकलीच नाई. माझं मनगट वाकत होतं. राणाभाईने मला पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. मी ऐकलं, अन् तरी तुम्हाले खोल जायला सांगितलं. आता अजून आत गेलात तर खारं तुमच्या मागं येईल. इंजिनं कमी करा."

मग मावजीशेठचा एक सोयरा हळूच म्हणाला, "शाल हलकी वाटली असेल." दुसरा म्हणाला की खऱ्या पाणाड्याची विद्या एकदा खोटी पडली की अशीच जाते. संध्याकाळपर्यंत माणूस दुसरा पाणाड्या आणायला निघालाही. उखर्डूला स्टेशनवर पोचवायला राणाभाईखेरीज कुणी आलं नाही.

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललेल्या माणसाला वाटतं की आता जग आपल्याला उचलून घेईल. निंबोल्यात उतरल्यावर उखर्डूने पहिलं काम हे केलं, की गाठी मारलेली एक लांब दोरी बनवली, हातागणिक एक गाठ. दर अमावास्येला तो गावातल्या विहिरींत ती सोडून पाणी मोजू लागला. शालिग्रामच्या विहिरीत पहिल्या वर्षी फाल्गुनातल्या अमावास्येला पाणी एकतीस हातांवर, पुढच्या वर्षी चौतीस, त्याच्या पुढच्या वर्षी अडतीस. तोवर गावात इंजिनं अकरा झाली होती. केळीच्या बागा असीरगडच्या रस्त्यापर्यंत गेल्या होत्या. शालिग्राम विहीर खोल करी आणि म्हणे, "पाणी खाली गेलं नाई, आपण त्याच्या जवळ चाललो."

आणि इतकी वर्षं पाणी दाखवलं तेव्हा ज्यांनी पुरणपोळ्या वाढल्या, ते आता पाणी मोजणाऱ्याला 'दोरीवाला' म्हणू लागले. कुणीतरी असंही उठवलं की उखर्डू विहिरीत दोरी सोडतो म्हणूनच पाणी खाली जातं.

छप्पन साली राज्यांची वाटणी झाली. नागपूर एका राज्यात गेलं, बुऱ्हाणपूर दुसऱ्या राज्यात राहिलं. आतापर्यंत नागपूरला जाणारे कागद भोपाळला जाऊ लागले. पुढच्या फाल्गुनात नवा साहेब जीपने निंबोल्याला आला. त्याला गावोगाव इंजिनं वाढवायची होती. चावडीवर सतरंजी अंथरली, शालिग्रामने केळ्यांचा घड पुढे ठेवला. उखर्डू दोरी घेऊन उभा राहिला. त्याने समुद्रकाठची सगळी हकीकत सांगितली. आपली चूकही सांगितली. मग हात जोडून म्हणाला, "एक दिवसाआड चालवा इंजिनं. नाहीतर इथलंही संपेल."

शालिग्रामने मांडीवर थाप मारली. "अरे उखर्डू, इथं समुद्र कुठाय बापा, खारं व्हायले?"

चावडी हसली. साहेबाला मराठी अर्धीच कळत होती, पण समुद्र हा शब्द कळला. त्याने कारकुनाकडे पाहिलं. "यहाँ से समुंदर कितना दूर है?"

"साहब, दो-ढाई सौ मील तो होगा."

"तो लिखिए," साहेब केळं सोलत म्हणाला. "समुंदर नहीं है, इसलिए कोई खतरा नहीं है."

कारकुनाने लिहून घेतलं. उखर्डू म्हणाला, "साहेब, खारं नाई येणार, कोरडं येईल." ते लिहायला कागदावर जागा नव्हती.

दोनच महिन्यांत, चैत्राच्या शेवटी, गावची पिण्याची विहीर आटली. आजोबा-पणजोबांच्या वेळेपासून आटली नव्हती. सकाळी शेजारच्या सोजरबाईने घागर सोडली ती तळाला दणकन आपटली, आणि तो आवाज आळीभर ऐकू गेला. पुरुष मंडळी काठावरून वाकून बघू लागली. कुणी म्हणालं, कोप झाला. कुणी म्हणालं, उखर्डूची दोरी.

उखर्डू घरी येऊन भिंतीला टेकून बसला. "मी सांगितलं होतं," तो म्हणाला.

"सांगितलं," सरुबाई म्हणाली. "सांगून पाणी येतं का? उठा, कोणती विहीर गावविहिरीचं पाणी ओढून राह्यली ते दाखवा. यावेळी खरी जागा दाखवा."

त्याने दाखवली. गावच्या विहिरीला सगळ्यात जवळची शालिग्रामची. सरुबाईने दोन घागरी उचलल्या. सोजरबाईला हाक मारली, तिने शेजारणीला. अर्ध्या घटकेत चाळीस बायका शालिग्रामच्या इंजिनाशी रांगेत उभ्या. पाइपाच्या तोंडाशी एक घागर लागायची, ती भरली की दुसरी. नंबर येईपर्यंत प्रत्येक बाई आपली घागर नीट, सावकाश घासून घ्यायची. पाटात थेंब जाईना. केळी उन्हात उभ्या.

शालिग्राम धावत आला. "हे काय लावलंय?"

"पाणी भरून राह्यलो, भाऊ," सरुबाई म्हणाली. "तुमचंच आहे ना ते? मग पुण्य लागेल."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. बायकांना हुसकावणार कसं? भाऊबंदांच्या सुना, पुतण्या, विहिणी, सगळ्याच त्यात. चौथ्या दिवशी त्याने ठरवलं की आता आवाज चढवायचा. तरातरा येऊन रांगेतल्या पहिल्याच बाईवर तो ओरडला. ती वळली. ती त्याची बायको गोदाबाई होती.

"घरी प्यायला पाणी नाई," गोदाबाई म्हणाली. "मोलकरीण तिच्या घरची घागर घेऊन मागं उभी आहे. मग मी येऊ नको तर काय करू? अन् तुमी इथं उभे राहून काय करून राह्यले? बाजूला व्हा, नंबर माझा आहे."

संध्याकाळी चावडीवर ठरलं : गावविहिरीभोवतीच्या चार इंजिनांनी एक दिवसाआड चालायचं. शालिग्रामने ते इतक्या गंभीरपणे सांगितलं की कुणालाही वाटावं, हे त्यालाच सुचलं. हळूहळू त्यालाही तसंच वाटू लागलं. पावसाळ्यानंतर विहीर भरली आणि पुढचे दोन उन्हाळे तिने तग धरला. तेवढ्याने गावाला खात्री पटली की प्रश्न कायमचा सुटला. शिवाराच्या पलीकडच्या अंगाला मात्र इंजिनं एकवीस झाली. तिथलं पाणी बेचाळीस हातांवर गेलं होतं. ते फक्त उखर्डू मोजत होता.

साठ सालच्या माघात गावविहिरीला नवा कठडा बांधला, आणि त्याच्या माथ्यावर संगमरवरी पाटी बसवली. नारळ फोडायला साहेब आला, हार शालिग्रामच्या गळ्यात पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी सरुबाई घागर घेऊन आली तेव्हा उखर्डू पाटीवर वाकून अक्षरं लावत होता. सरुबाईला वाचता येत नव्हतं.

"काय लिहिलंय?"

"हिंदीत आहे. 'श्री शालिग्रामजी की दूरदृष्टि से यह कुआँ ग्रामवासियों की सेवा में...' पुढं साहेबाचं नाव आहे. मग तारीख."

"तुमचं नाव?"

"नाई."

"माझं?"

"तुझं कशाला असेल?"

सरुबाईने घागर आत सोडली आणि दोराला भरल्या घागरीची ओढ लागेपर्यंत थांबली. "बरं झालं," ती म्हणाली. "आटली तर निदान आपल्याले कोणी धरणार नाई."

भरलेली घागर वर ओढून तिने पाटीवर ठेवली, कमरेला नीट बसवली आणि घराकडे चालू लागली. उखर्डूने खांद्यावरची दोरी काढली. अमावास्या नव्हती, तरी त्याने ती विहिरीत सोडली आणि मोठ्याने गाठी मोजू लागला. ऐकायला कुणी नव्हतं.